पाहुण्यांची मोटार

मराठीच्या प्राध्यापकाला मोटारीतले काही कळते, असा आरोप माझ्यावर आजवर कोणी केला नव्हता. आमच्या स्वतःच्या मोटारीचे बॉनेट कोणत्या खटक्याने उघडते, हेदेखील मला सौ.ला विचारावे लागते. तेव्हा २०२४ च्या डिसेंबरात, एका गुरुवारी दुपारी, साताऱ्याच्या वाढे फाट्याजवळ गॅरेज चालवणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, तेव्हा मला आश्चर्यच वाटले.

"सर, जरा गॅरेजवर या. दोन गोरे पाहुणे आलेत. त्यांचं मला कळंना आणि माझं त्यांना."

"अरे, मी मराठी शिकवतो. इंग्रजीचे सर शाहूपुरीत राहतात."

"त्यांचा फोन लागंना, म्हणून तर तुम्हाला केला!"

हा सन्मान पदरात घेऊन मी निघालो. गॅरेजच्या दारात एक उंचशी, बदामी रंगाची मोटार उभी होती. तिच्या पोटात बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, कपड्यांचा कप्पा असा सगळा संसार. सुकाणू मात्र डाव्या हाताला. मागच्या दारावर पांढऱ्या लंबगोलात एकच काळे रोमन अक्षर होते, 'ए'.

"सर, शिकाऊ ड्रायव्हरला 'एल' असतो हे ठाऊक आहे," शिष्य हळूच म्हणाला, "मग 'ए' म्हंजे काय, अट्टल?"

'ए' म्हणजे ऑस्ट्रिया. रस्त्यावरच्या वाहतुकीविषयी १९४९ साली जिनिव्हाला राष्ट्राराष्ट्रांचा जो करार झाला, त्यात परदेशी जाणाऱ्या मोटारीच्या पाठीवर आपल्या देशाचे अक्षर असे लंबगोलात लिहावे, असे ठरले आहे. आपली मोटार सीमेपलीकडे गेली, तर तिच्या पाठीवर 'आयएनडी' येते. ही माहिती मला त्या दिवशीच मिळाली, आणि दिली ती त्या मोटारीच्या मालकिणीने. सत्तरीच्या आसपासची, सडपातळ बाई. तिचे यजमान तिच्याहून दोन वर्षांनी मोठे आणि दहा पटींनी अबोल. दोघांचे इंग्रजी माझ्याइतकेच मोडके; त्यामुळे आमचे छान जमले. चांगले इंग्रजी बोलणाऱ्यापुढे माझी जीभ टाळ्याला चिकटते.

मोटार बंद पडली होती नागठाण्याच्या पुढे, महामार्गावर. मागच्या चाकांकडे इंजिनाची ताकद नेणारा जो लांब दांडा असतो, त्याच्या सांध्यातला क्रॉस मोडला होता. शिष्याने जाऊन तिला टोचन करून आणले. तो सांगत होता, "मी पोचलो, तर आजी नारिंगी जाकीट घालून रस्त्याच्या कडंला उभ्या. गाडीच्या मागं लांबवर लाल तिकोण मांडलेला. मला वाटलं, सरकारी कामच सुरू झालं!"

त्यांच्या देशात हा कायदाच आहे. प्रत्येक मोटारीत लाल त्रिकोण हवा, चमकणारे जाकीट हवे, प्रथमोपचाराची पेटी हवी. गाडी बंद पडली की आधी जाकीट चढवायचे, मग खाली उतरायचे. आपल्याकडे झाडाची एक फांदी मोडून गाडीच्या मागे खोचतात आणि चार दगड रस्त्यावर मांडतात. गाडी दुरुस्त झाली की ती निघून जाते, दगड तिथेच राहतात. हे मी बाईंना सांगितले नाही. पाहुण्यांना घरातले सगळेच दाखवायचे नसते.

त्यांच्या कागदांची एक जाडजूड पिशवी होती, आणि ती मला दाखवल्याखेरीज त्यांना चैन पडेना. मी पोलीस नाही, हे त्यांना पटवण्यात पाच मिनिटे गेली. परंतु पिशवी पाहिली ते बरे झाले. परदेशी खाजगी मोटारींनी आपल्या देशात कसे वागावे, याचे नियम भारत सरकारने २०२२ साली केले आहेत. मोटारीचे नोंदणीपत्र हवे, चालकाचा परवाना किंवा आंतरराष्ट्रीय परवाना हवा, विमा हवा, आणि मायदेशी लागत असेल तर धुराचे प्रमाणपत्रही हवे. हे कागद इंग्रजीत नसतील, तर त्यांचे अधिकृत इंग्रजी भाषांतर बरोबर बाळगायचे. अशा मोटारीने इथले उतारू किंवा इथला माल वाहायचा नाही. आणि रस्त्यावर आपल्याकडचेच नियम पाळायचे. डावीकडे सुकाणू असलेली मोटार आपल्या रस्त्यावर आणायची, तर वळण्याची खूण करणारे तिचे दिवे चालू स्थितीत असलेच पाहिजेत, असे मोटार वाहन कायद्याचे एक स्वतंत्र कलम आहे. बाईंनी हे सगळे छापून, खाली रेघा मारून आणले होते. मी वीस वर्षे मोटार चालवतो. यातले एक अक्षर मी कधी वाचलेले नव्हते.

परंतु पिशवीतला खरा जीव होता एका लांबट पुस्तिकेत. तिला 'कार्ने' म्हणतात. मोटारीचा पासपोर्टच म्हणा ना. तुम्ही मोटार घेऊन दुसऱ्या देशात शिरलात की ती त्या देशाच्या दृष्टीने आयात झाली, म्हणजे जकात आली. आणि आपल्याकडे परदेशी मोटारीवरची जकात म्हणजे काही विचारू नका. तेव्हा तुमच्या देशातली मोटार-संस्था हमी देते की ही मोटार विकली जाणार नाही, मुदतीत परत जाईल. शिरताना सीमेवरचा अधिकारी पुस्तिकेच्या पानाचा एक तुकडा फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा. आणि उरलेल्या स्थळप्रतीवर दोन शिक्के उठतात. पहिला आहे आणि दुसरा नाही, असे झाले की जकात वसूल होते हमीदाराकडून, आणि हमीदार वसूल करतो मालकाकडून. या दोघांनी हमीपोटी आपली आयुष्यभराची शिल्लक बँकेत अडकवून ठेवली होती. जूनमध्ये ते अटारीवरून आत आले. (तो दरवाजा पुढे २०२५ च्या एप्रिलात बंद झाला.) लडाख, राजस्थान, गोवा करून आता नेपाळकडे निघाले होते. पुस्तिकेवर परतीची तारीख होती २३ डिसेंबर. आज होती बारा. उत्तर प्रदेशातली सोनौलीची वेस साताऱ्याहून दीड हजार किलोमीटरांच्या वर.

"व्हिएन्नाहून भाग मागवला तर?" मी विचारले.

यजमानांनी दोन्ही हातांची बोटे दाखवली, मग आणखी पाच. आणि मग खिन्नपणे म्हणाले, "आणि कस्टम."

शिष्य तो मोडका क्रॉस हातात घेऊन उलटसुलट बघत होता. "सर, हे सांगलीला लेथवर होईल. साताऱ्यात विचारलं मी दोघांना, ते नको म्हणाले. तुमचे मामा सांगलीत आहेत ना? वर्कशॉपमधले?"

माझे मामा एस.टी.च्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. सांगली, कुपवाड, माधवनगर इकडचा एकूण एक लेथवाला त्यांच्या ओळखीचा. मी फोन लावला. मामा म्हणाले, "सकाळी घेऊन ये. दांडा सगळाच आण, नुसता क्रॉस आणू नको. आणि काय रे, संध्याकाळच्या आत परत जाशील ना? नाहीतर राहायच्या तयारीनं ये."

हे शेवटचे वाक्य मामांनी का उच्चारले, ते मला ठाऊक होते.

सकाळी मी किरकोळ रजा टाकली. तो लांब दांडा मोटारीत तिरका घातला, शिष्य शेजारी बसला. निघताना बाई आल्या आणि त्यांनी माझ्या मोटारीची डिकी उघडायला लावली. "तुमचा त्रिकोण कुठे आहे?" आता काय सांगणार? त्रिकोण आमच्या मोटारीबरोबरही आला होता. डिकीत दिवाळीच्या खरेदीला जागा व्हावी म्हणून एका वर्षी तो घरी काढून ठेवला, तो माळ्यावर गेला तो गेलाच. बाईंनी मान हलवली, स्वतःचा त्रिकोण आणून माझ्या डिकीत ठेवला, आणि डिकीवर दोन थापा मारल्या. मला माझ्या आजीची आठवण झाली. ती असेच दही हातावर ठेवी.

साताऱ्याहून सांगलीला जायचे म्हणजे कृष्णेच्या सोबतीने जायचे. अजिंक्यतारा पाठीमागे पडला की नागठाणे, अतीत, काशीळ, उंब्रज अशी गावे महामार्गाला टेकून येतात. या महामार्गाचे सहापदरीकरण चालू होते. त्यामुळे पाच मैल रस्ता आणि दोन मैल वळसा असे चालले होते. तासवड्याला टोल. फास्टॅग नसलेल्या वाहनाला २०२१ च्या फेब्रुवारीपासून दुप्पट टोल पडू लागला. आमच्या पाहुण्यांजवळ ती चिकटपट्टी नव्हती. देशभर दुप्पट भरत आलेले. त्याबद्दल तक्रार नव्हती, पण प्रत्येक पावती मात्र जपून ठेवलेली.

कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम बाजूला ठेवून आम्ही पुढे गेलो, आणि पेठ नाक्यावर महामार्ग सोडून सांगलीकडे वळलो. उसाचा हंगाम नुकताच रंगात आला होता. डिसेंबरात या रस्त्याने गेला नाही, त्याला मोटार चालवता येते असे मी म्हणणार नाही. एक ट्रॅक्टर, त्यामागे दोन ट्रॉल्या, त्यावर उसाचा डोंगर, दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेला; ट्रॅक्टरवर कर्ण्यातून गाणी; त्यामुळे तुमचा हॉर्न ड्रायव्हरच्या कानी पडायची सोय नाही. मधूनच बैलगाड्यांची रांग. परदेशी पाहुण्याला नियमांचे पुस्तक वाचून यातले काय कळणार? पुढच्या ट्रकने उजवीकडचा दिवा लुकलुकवला, तर तो उजवीकडे वळणार आहे, असे पुस्तक म्हणते. आमच्याकडे त्याचा अर्थ पुष्कळदा 'या, पुढे जा' असा असतो. आणि कधी कधी खरोखरच तो वळणार असतो. दोन्हींतला फरक कसा ओळखायचा, असे बाईंनी मला आदल्या दिवशी विचारले होते. मी म्हणालो, ड्रायव्हरच्या कोपराकडे पाहा. ते त्यांनी वहीत लिहून घेतले.

त्यांच्या मोटारीत चालक डावीकडे, म्हणजे आपल्या रस्त्यावर कडेच्या बाजूला. पुढच्या वाहनाला ओलांडताना समोरून काय येते, हे त्याला दिसतच नाही. दिसते ते उजवीकडे बसलेल्या बायकोला. तेव्हा सहा महिने त्या माउलीने डोळे व्हायचे आणि यजमानांनी हातपाय. ती 'नाइन' म्हणाली की थांबायचे. हे जर्मन 'नाइन' आमच्या सातारी 'न्हाय'च्या इतके जवळचे की शिष्याला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही.

या बाईंचे वडील म्हणे व्हिएन्नात मोटार हाकत, तेही तरुणपणी डाव्या अंगानेच. ऑस्ट्रियाच्या काही भागांत तेव्हा रस्त्याची उजवी बाजू, काहींत डावी. १९३८ साली हिटलरने देश गिळला आणि व्हिएन्नाही उजवीकडे गेली. स्वीडनने १९६७ साली एका पहाटे सबंध देशाची बाजू बदलली. पोर्तुगालने १९२८ साली उजवी धरली, पण गोवा डावीकडेच ठेवला. कारण गोव्याच्या शिवेला लागून हिंदुस्थान होता आणि तो डावीकडून चालत होता. पाहुणे गोव्याहून येताना बांद्याची वेस कधी ओलांडली, हे त्यांच्या लक्षातसुद्धा आले नव्हते.

तसे पाहिले तर आम्ही चाललो होतो तो रस्ताही एके काळी परमुलखातून जाणारा. सातारा १८४८ साली खालसा झाले, तेव्हापासून तो जिल्हा इंग्रजांचा. सांगली पटवर्धनांचे संस्थान. मिरजेची दोन संस्थाने. धाकटीची राजधानी बुधगावला, सांगलीपासून तासाभराच्या चालीवर. मध्येमध्ये औंधकरांची गावे विखुरलेली. किर्लोस्करवाडी त्यांच्याच हद्दीत. प्रत्येकाची कचेरी निराळी, पोलीस निराळा, कर निराळा. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगतांना या शिवांचा फार उपयोग झाला. इंग्रजी हद्दीतून औंधच्या हद्दीत पाऊल टाकले की पाठलागावरच्या शिपायाला विचार पडे. १९४८ साली संस्थाने विलीन झाली. पुढच्या वर्षी जिल्हा झाला तो 'दक्षिण सातारा' नावाने, आणि १९६० साली त्याचे 'सांगली' झाले. तेव्हा साताऱ्याहून सांगलीला जाणे म्हणजे उत्तरेकडच्या घरातून दक्षिणेकडच्या घरात जाणे. मला हे विद्यार्थ्यांना सांगायला आवडते. त्या दिवशी शिष्याला सांगत होतो; पण आष्टा जवळ येऊ लागले तसा माझा आवाज बसला, आणि शिष्यही खिडकीबाहेर बघू लागला. त्याला ठाऊक होते.

२०११ सालच्या जानेवारीत माझा धाकटा भाऊ याच रस्त्यावर गेला. रात्री साडेनऊची वेळ. मोटारसायकलवरून तो मामांकडे निघाला होता. चाक निखळलेली उसाची ट्रॉली अंधारात उभी होती. मागे दिवा नव्हता, चकाकणारी पट्टी नव्हती, काहीच नव्हते. ती जागा मला दिवसा ओळखू येते; तिथे एक विहीर आणि दोन शेवग्याची झाडे आहेत. त्या ट्रॉलीचा ड्रायव्हर पळून गेला, पुढे सापडला, खटला चालला. मी त्याचे तोंड पाहायला कोर्टात गेलो नाही. मनात मात्र तेरा वर्षे त्याच्याशी बोलत होतो. रात्रीचा या बाजूला मी पुन्हा आलो नव्हतो.

बाईंच्या कागदांत एक ओळ तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित होती. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिले आहे की सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून प्रत्येक वाहनाच्या मागे तांबडा दिवा हवा, आणि तो १५५ मीटरांवरून दिसला पाहिजे. ट्रॉलीदेखील यात आली. "इतका चांगला नियम आहे तुमचा," बाई म्हणाल्या होत्या, "मग मला रात्री काहीच का दिसत नाही?" त्या प्रामाणिकपणे विचारत होत्या. नियम आहे म्हणजे दिवा असणारच, अशी त्यांची समजूत. आणि सहा महिने झाले तरी ती पुरती ढळलेली नव्हती. मी काहीतरी बोललो. वायर तुटते, बल्ब जातो, असे.

सांगलीत शिरताना कृष्णा लागते. १९२९ साली बांधून झालेल्या आयर्विन पुलापाशी नदीची उंची फुटांनी मोजतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी सत्तावन्न फुटांवर गेले होते. मामांच्या खोलीत भिंतीवर त्याची रेघ अजून आहे. मामींनी ती रंगवू दिलेली नाही.

लेथवाल्याकडचे तपशील मला नीट सांगता येणार नाहीत. मामा आणि मिस्त्री तो दांडा मधोमध ठेवून बसले आणि तासभर एकमेकांशी हुंकारांत बोलले. क्रॉस नवा घडवण्यात वेळ जाईल. घडवला तरी पोलादाला पाणी नीट बसले नाही, तर शंभर मैलांत मोडेल. त्यापेक्षा एका देशी टेंपोचा क्रॉस जवळजवळ त्याच मापाचा आहे, तो घ्यावा आणि उरलेली फट चार पोलादी कड्या कातून भरून काढावी, असे ठरले. कडी कातायची, घालून बघायची, केसाएवढी जास्त, पुन्हा काढायची. मिस्त्रींनी माप घ्यायचे यंत्र एकदाच वापरले. बाकी सगळे अंगठ्याने. मी मधल्या वेळात मिरजेला जाऊन सतारमेकर गल्लीत एक फेरी मारून आलो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला त्याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळाले होते. ही सतार घडवणारी घराणी मूळची हत्यारे दुरुस्त करणाऱ्या शिकलगारांची. या भागातल्या अंगठ्यांत काहीतरी आहे खरे.

काम झाले तेव्हा सव्वासात वाजले होते. पैसे विचारले, तर मिस्त्री म्हणाले, "पाहुणे वेशीबाहेर पोचले की सांगा, मग घेतो." मामा दाराशी आले. "राहा रे आज. उद्या पहाटे निघ."

उद्या पहाटे निघालो असतो तरी चालले असते. अकरा दिवसांतले दहा अजून हातात होते. पण बाई गॅरेजवर त्या मोटारीतच झोपतात, आणि रात्री प्रत्येक दिव्याच्या झोताला उठून बसतात, हे शिष्याने मला सांगितले होते. मी म्हणालो, "निघतो मामा." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि शिष्याला म्हणाले, "हळू चालवायला सांग."

विहिरीची जागा मला अंधारात दिसलीच नाही. कधी मागे पडली, कळले नाही. मी दोन्ही हातांनी सुकाणू धरून बसलो होतो. पेठ नाका, कराड, तासवडे झाले. महामार्गाला लागल्यावर मला जरा मोकळे वाटले. काशीळच्या अलीकडे, वळशाचा रस्ता जिथे पुन्हा मुख्य रस्त्याला मिळतो तिथे, शिष्य एकदम ओरडला, "सर!"

पुढे, झोताच्या अगदी टोकाला, अंधारच अधिक गडद झाल्यासारखा दिसत होता. मी ब्रेक दाबला. ट्रॉली होती. उसाने भरलेली, एका अंगावर कललेली. मागे एक पोरगेलासा माणूस मोबाइलचा दिवा हातात धरून हलवत होता. पंधरा पावलांवर आम्ही थांबलो.

माझे पाय कापत होते. खाली उतरलो ते त्याच्या अंगावर धावून जायच्याच तयारीने. तेरा वर्षे घोकलेली सगळी वाक्ये जिभेवर होती.

"दिवा कुठं आहे तुझा?" मी ओरडलो.

"हुता जी," तो म्हणाला. "वायर तुटली उसात. एक्सल गेला. मालकाला फोन केलाय." त्याचा मोबाइलचा हात अजून हलतच होता, आम्ही थांबल्यावरही त्याला तो थांबवायचे सुचले नव्हते. वय असेल एकवीस-बावीस. रस्त्याच्या खाली, उसाची चार वाढे अंथरून, त्याची बायको बसली होती, मांडीवर मूल झोपलेले. बीडकडची तोडणीची माणसे. "किती वेळ झाला?" "दीड घंटा झाला. ब्याटरी संपाय आली." दीड तास तो हात हलवत उभा होता.

मी पुढचे काही बोललो नाही. डिकी उघडली आणि बाईंचा त्रिकोण काढला. तो कसा उलगडायचा, ते शिष्याने दाखवले. मग मी तो घेऊन रस्त्याच्या कडेकडेने मागे चालू लागलो. किती मागे ठेवायचा? मला एकच आकडा पाठ होता. एका पावलाला पाऊण मीटर धरून दोनशे सात पावले मोजली. मध्ये दोनदा मोटारी आल्या, तेव्हा कठड्याला चिकटून उभा राहिलो. तिथे त्रिकोण मांडला आणि मागे वळून पाहिले. ट्रॉली दिसत नव्हती. मोबाइलचा तो ठिपका मात्र बारीक हलत होता. पुढचा ट्रक आला, त्याच्या दिव्यात त्रिकोण पेटल्यासारखा झाला, आणि ट्रकवाल्याने तिथूनच वेग कमी केला.

मालकाचा दुसरा ट्रॅक्टर यायला पाऊण तास लागला. तोवर आम्ही थांबलो. मुलासाठी शिष्याने मोटारीतला भडंगाचा पुडा दिला. त्रिकोण तिथेच ठेवून निघालो. ट्रॉली हलेपर्यंत तो काढून घेणे काही बरे नव्हते.

शनिवारी दांडा बसला. आता चालवून पाहायचे, आवाज ऐकायचा, तर मिस्त्रीला मोटारीत बसायला हवे. बाईंनी हात आडवा केला. 'इथले उतारू वाहायचे नाहीत.' २०२२ चे नियम! शिष्य हैराण. "सर, सांगा की त्यांना, मी उतारू कसला?" इथे मात्र माझी विद्या कामी आली. मी म्हणालो, "बाई, आमच्या भाषेत 'उतारू' म्हणजे मुक्कामाला उतरणारा. याला कुठेच उतरायचे नाही. हा निघाला तिथेच परत येणार." त्यांनी विचार केला, यजमानांशी जर्मनमध्ये चर्चा केली, आणि परवानगी दिली. गावाबाहेर जाऊन आले. आवाज नव्हता. वळण्याचे दिवेही तपासून झाले.

त्रिकोणाचे काय झाले, ते मी त्यांना सांगितले. नियमाशिवाय एक पाऊल न टाकणाऱ्या त्या बाईने एवढेच विचारले, "किती अंतरावर?" मी आकडा सांगितला. मग घरी जाऊन शिडी लावली, आमच्या माळ्यावरचा त्रिकोण शोधून काढला, पुसला, आणि त्यांच्या मोटारीत ठेवला. सौ.ने कंदी पेढ्यांचा पुडा दिला. तो इथला माल होत नाही ना, म्हणून यजमानांनी गंभीरपणे विचारले. सहा महिन्यांत त्यांनी केलेला तो बहुधा पहिला विनोद असावा.

रविवारी पहाटे ते निघाले. एकवीस तारखेला माझ्या मोबाइलवर एक छायाचित्र आले: पुस्तिकेचे पान, सोनौली, दोन शिक्के. खाली एकच शब्द होता, 'हाय'. तो शिष्याने शिकवलेला, होकारार्थी. मी ते छायाचित्र मामांना पाठवले आणि मिस्त्रींचे पैसे दिले.

त्याच आठवड्यात कराडला एक व्याख्यान होते. परतायला रात्र झाली. काशीळजवळ आलो तेव्हा मोटार कडेला घेतली. त्रिकोण अर्थातच नव्हता. उसाची काही कांडी रस्त्यावर चिपाड होऊन पडली होती. आणि मध्येच, डाव्या मार्गिकेत, चार दगड होते. आम्ही गेल्यावर त्या पोराने मांडले असतील, किंवा मालकाच्या माणसांनी. मी मोटारीचे सगळे दिवे लुकलुकते ठेवले, समोरून मागून काही येत नाही असे पाहिले, आणि एकेक करून ते दगड उचलून रस्त्याखाली टाकले. चौथा चांगलाच जड होता.